प्रश्न क्रमांक सदतीस

देवांगना चाचेरे, वय एकोणचाळीस,
अंगणवाडी सुटली की यायची माझ्याकडे,
पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा, पिशवीला मासळीचा वास.
पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीचे पन्नास प्रश्न.
पंचवीस बरोबर आल्याशिवाय
तुमचा विषय काय, हे कोणी विचारतसुद्धा नाही.

मी अर्जुनीच्या ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं
'उतारा वाचा आणि उत्तरे लिहा' एवढंच केलेलं.
तिला म्हटलं, आधी प्रश्न वाच, मग उतारा.
ती म्हणाली, सर, आमी आधी तरा पायतो,
मंग जाळं कोनतं न्यायचं ते ठरवतो.
तरी ऐकलं तिनं.

रोज वीस शब्द. समानार्थी, विरुद्धार्थी,
गटात न बसणारा शब्द ओळखा.
अबंडन्ट म्हणजे विपुल.
विपुल म्हंजे?
लय.
स्कार्सचा अर्थ तिनं विचारला नाही.

एकदा स्लूस आला. मी शब्दकोशात बोट फिरवत होतो,
तिनं चित्रावर नख ठेवलं: हा तं तुडूम.
पाटाले पानी सोडाचा.
आन् जास्तीचं जाते तो सलंग, तो येच्यात नाई काढला.
त्या दिवशी तिच्या वहीत एक शब्द वाढला,
माझ्या वहीत दोन.

तिला लिहायचंय ते गावतलावावर:
देवधान कुठल्या काठाला येतं,
मरळ पिल्लं घेऊन कुठं फिरते,
बेशरमानं काठ धरल्यापासून
कोणकोणते मासे नुसते बोलण्यात उरले.
प्रबंध मराठीत चालतो. तशी सोय आहे नियमात.
नियमापर्यंत जायची वाट तेवढी इंग्रजीतून.

परीक्षा नागपूरच्याही पलीकडं,
एका इंजिनिअरिंग कॉलेजात, कम्प्युटरवर.
कानातले काढून रुमालात बांधायला लावले.
उतारा होता पेंग्विनांवर. पाचपैकी चार बरोबर.
तेयी मासेच खातेत, म्हणाली, म्हनून समजलं.

आणि सदतिसावा. टँक या शब्दाचा अचूक अर्थ निवडा.
अ, आगगाडीचा डबा. ब, द्रव साठवण्याचं मोठं भांडं.
क, तळं. ड, तुरुंगाची खोली.
तिनं क केला. विचारही नाही केला, म्हणाली.
उत्तरतालिकेत ब.
एकूण चोवीस.

खरं सांगायचं तर मीही ब-च केला असता.
बावीस वर्षं रोज त्याच तलावाच्या पाळीवरून
मोटारसायकल नेतोय,
शब्दांच्या यादीत टँक आला तेव्हा
टाकी सांगून पुढं गेलोय. तिच्यासमोर.
तिनं तेव्हा मान हलवली होती.

आक्षेप नोंदवता येतो. दर प्रश्नाला पाचशे रुपये,
मुदत दोन दिवस, सोबत पुरावा जोडावा.
पुरावा? ती म्हणाली.
तो तं हुबाच आहे पाळीवर.
होता खरा. पाटबंधारे खात्याचा बोर्ड,
इंग्रजी अक्षरं, एम. जी. टँक, खाली क्षेत्रफळ.
म्हशी अंग घासून घासून
के-चा एक पाय गेलेला, वर बगळ्याची शीट.
तिनं अंगणवाडीतलं फडकं आणलं होतं.
तलावातच बुचकळून घासायला लागली,
क्षेत्रफळसुद्धा घासलं, त्याचं काही काम नव्हतं.
पहिल्या फोटोत माझी सावली आली.
दुसऱ्यात एक पोरगा गळ घेऊन मधे आला,
तो तिनं राहू द्या म्हटलं. मी नको म्हटलं. तिसरा काढला.

फॉर्ममध्ये रकाना: संदर्भग्रंथाचे नाव.
तिथं बोर्डावरचं जसंच्या तसं उतरवलं.
मग: पृष्ठ क्रमांक.
रिकामा सोडला तर पुढं जाईना.
तिनं शून्य टाकलं. घेतला त्यानं.

पाचशे कटल्याचा मेसेज आला लगेच.
पोचपावती येईना. रेंज पाळीवरच काय ती मिळते,
म्हणून तिथंच उभे राहिलो,
अंधार पडेस्तोवर, फोन उंच धरून,
स्क्रीनवर ते गोल गोल फिरतंय ते बघत.
खाली पाण्यात काहीतरी पलटलं.
दाडक असन, ती म्हणाली.
मी स्पेलिंग विचारलं नाही.